पात्र घाबरलंय, पण पाहणाऱ्याला ते चकित झाल्यासारखं का दिसतं?

अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांची ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. शॉट तयार असतो, पोझ जोरकस असते. डोळे बशीएवढे, भुवया पार कपाळावर, तोंडाचा मोठा 'आ'. आपण तो कुणाला तरी दाखवतो आणि समोरचा विचारतो, "याला काय झालं? कुणी ओळखीचं दिसलं का?" मग आपण डोळे आणखी मोठे करतो, तोंड आणखी उघडतो, उडी आणखी उंच करतो आणि पुन्हा दाखवतो. आता उत्तर येतं, "फारच आश्चर्य वाटलंय बुवा त्याला."

माझ्या एका शॉटचं असं लागोपाठ चार वेळा झालं. एक मुलगा अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन जुन्या पेटीचं झाकण उचलतो आणि आत काहीतरी धडपडतं. शॉट तीन सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं (फ्रेम) या हिशेबाने ७२ फ्रेमचा. चौथ्या खेपेला लक्षात आलं की आश्चर्याचा डोस वाढवत नेला तर आश्चर्यच वाढतं. भीतीत एक गोष्ट असते जी आश्चर्यात नसते, ती म्हणजे दिशा. भ्यालेल्याचं अंग एका जागेपासून दूर जात असतं आणि नजर मात्र त्याच जागेला चिकटलेली असते. ही ओढाताण चित्रात आहे की नाही, एवढंच आधी तपासा. खाली जे सांगतोय ते सगळं त्या ओढाताणीकडेच जातं.

आधी क्रियापद पक्कं करा

स्टोरीबोर्डवर (शॉटच्या आधी काढलेल्या चित्र-आराखड्यावर) नुसतं "घाबरतो" असं लिहिलेलं असतं आणि अर्धी गडबड तिथेच होते. आपल्या भाषेत या अवस्थेला कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची पोझ वेगळी आहे. दचकणं क्षणभराचं असतं: अंग आक्रसतं, डोळे मिटतात आणि कारण कळायच्या आत सगळं उरकतं. बिचकणं म्हणजे पुढे टाकलेला पाय मागे येणं. त्यात वेग कमी आणि शंका जास्त. भेदरलेलं पात्र जागेवरच असतं, पण त्याची नजर ठरत नाही. थिजलेल्याची नजरही हलत नाही. धास्तावलेल्याला अजून काही दिसलेलंच नसतं, तो येणाऱ्या संकटाची चाहूल घेतोय. आणि गाळण उडालेला पळतोय, पळताना वस्तूंवर आदळतोय.

पेटीच्या शॉटमध्ये मी दचकणं, थिजणं आणि पळायची तयारी हे सगळं एकाच पोझमध्ये कोंबलं होतं. ते सुटं केलं: दचकतो, थिजतो, मग मागे सरकतो. तीन क्रियापदं, तीन पोझ. तीन सेकंदांत याहून जास्त मावत नाही असं माझं ठाम मत आहे. चौथं क्रियापद आलं तर दुसऱ्या शॉटमध्ये न्या.

आपले वाक्प्रचारही नीट ऐका. डोळे पांढरे होणं, दातखीळ बसणं, पाय जमिनीला खिळणं, हातपाय गळणं, तोंडाला कोरड पडणं. कुणीतरी भ्यालेली माणसं जवळून पाहिली होती म्हणून हे शब्द झाले. एका शॉटसाठी त्यातला एकच उचला. तोंडाला कोरड पडलीय हे दाखवायला आवंढा पुरतो: ओठ मिटतात, हनुवटी किंचित आत जाते, गळ्याची गाठ सहा-सात फ्रेममध्ये वर जाऊन खाली येते. क्लोजअपमध्ये ही एवढीशी हालचाल किंकाळीपेक्षा जास्त सांगून जाते.

चेहरा: जिथे सर्वात जास्त चूक होते

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत मांडली. तिच्या भाषेत आश्चर्य म्हणजे साधारणपणे १, २, ५ आणि २६: भुवयांची आतली टोकं वर, बाहेरची टोकं वर, वरची पापणी वर, जबडा खाली. भीतीत हे चारही असतात, म्हणून तर घोळ होतो. त्यात आणखी तिघांची भर पडते: ४, ७ आणि २०. म्हणजे भुवया खाली आणि एकमेकींकडे ओढल्या जाणं, पापण्या ताणल्या जाणं आणि ओठांचे कोपरे आडवे खेचले जाणं. तुमच्या पात्राच्या चेहऱ्यावर हे तीन नसतील तर तुम्ही शंभर टक्के आश्चर्य काढलंय, मग पोझ कितीही टोकाची असो.

आता एकेक बघू. आश्चर्यात भुवई कमानीसारखी गोल चढते. भीतीत ती वर तर जाते, पण त्याच वेळी मध्याकडे ओढली जाते, म्हणून तिची कमान सपाट होते आणि आतलं टोक उचललेलं दिसतं. कपाळाच्या मध्यभागी आठ्या पडतात, दोन भुवयांच्या मध्ये उभी घडी येते. साध्या रेषांच्या पात्रात ही घडी म्हणजे एक-दोन छोटे फटकारे, पण ते काढाच. आतलं टोक जास्त उचललंत आणि बाहेरचं खाली सोडलंत तर पात्र रडवेलं दिसू लागेल. तिथे हात आखडता ठेवा.

खालची पापणी जवळपास सगळे विसरतात. आश्चर्यात ती सैल असते. भीतीत ती ताणून थोडी वर येते, तिची गोलाई सरळ होते. डोळा वरून सताड उघडा आणि खालून ताठ, या विरोधातूनच "पाहवत नाही आणि नजरही काढवत नाही" हे येतं. माझ्या शॉटमध्ये केवळ खालच्या पापणीची रेषा सपाट केल्यावर पहिल्यांदा कुणीतरी "घाबरलाय" हा शब्द वापरला.

बुबुळाबद्दल एक खुलासा. खऱ्या माणसाची बाहुली (बुबुळातला काळा ठिपका) भीतीने मोठी होते, त्यामुळे काही जण कार्टूनमध्येही ती मोठी करतात. तिथे मात्र मोठी बाहुली गोड आणि निरागस दिसते. पाहणाऱ्याला दुरून भीती कळते ती डोळ्यातल्या पांढऱ्यावरून. म्हणून सगळं बुबुळच लहान करा, त्याच्या वर पांढरं स्पष्ट दिसू द्या आणि बाहुली त्या प्रमाणात ठेवा. बुबुळ डोळ्याच्या मधोमध तरंगत ठेवू नका. ते पेटीच्या दिशेला हवं. मधोमध ठेवलेलं बुबुळ कशाकडेच बघत नसतं आणि मग दिशा गेली.

तोंडाचं सूत्र सोपं: गोल 'ओ' टाळा. कोपरे आडवे आणि किंचित खाली, आकार चौकटीकडे झुकणारा, खालचे दात दिसले तर उत्तम. जबडा पूर्ण पाडायची गरज नाही. आणि मान विसरू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखाली एक पातळ रुंद स्नायू आहे, जो ओठांचे कोपरे खाली खेचतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६०च्या दशकात चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन केलेल्या प्रयोगांत त्याला भीतीचा स्नायूच म्हटलं होतं. मानेवर दोन ताणलेल्या शिरा काढल्या की उरलेला चेहरा अर्धवट असला तरी वाचला जातो.

पहिले पाच-सहा फ्रेम

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. धक्का बसला की पात्राचे डोळे थेट विस्फारतात आणि ते हवेत उडतं. शरीर तसं वागत नाही. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या मानसशास्त्रज्ञांनी माणसं दचकतात कशी हे वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं आणि १९३९ साली ते प्रसिद्ध केलं. सर्वात आधी डोळे मिटतात. मोठ्या आवाजानंतर साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत. मग मान पुढे, खांदे वर, कोपरं दुमडलेली, पोट आत, गुडघे थोडे वाकलेले. म्हणजे अंग आधी मिटतं, आणि मगच उघडतं.

आपला एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांचा. तेव्हा आवाजाच्या पुढच्याच फ्रेमला डोळे बंद होणं हे निसर्गाला धरूनच आहे. आणि पात्राच्या धक्क्यावरच्या ठसठशीत प्रतिक्रियेला जुने अ‍ॅनिमेटर टेक म्हणतात, त्याचाही क्रम हाच: आधी दबणं, मग ताणणं, मग स्थिरावणं. दबताना डोळे मिटलेले असले की उघडण्याला खरी ताकद येते, कारण पाहणाऱ्याला दोन टोकं मिळतात. नुसते मोठे डोळे हे एकच टोक आहे.

माझ्या शॉटचा हिशेब शेवटी असा जमला. २० व्या फ्रेमपर्यंत मुलगा वाकून आत बघतोय, वजन पुढच्या पायावर. २१ ला पेटीत धडपड. २२ ला डोळे गच्च मिटलेले, पण डोकं अजून तिथेच. २३-२४ ला खांदे कानांपर्यंत, हनुवटी छातीत, टॉर्चचा हात अंगाशी. २७ पर्यंत ती दबलेली पोझ हळूच आणखी दबत राहते. २८ ला डोळे उघडतात, अंग अजून दबलेलंच. २९-३० या दोन फ्रेममध्ये पाठ मागे जाते, ३१ ला ती हव्या त्या जागेच्या थोडी पलीकडे असते आणि ३५ पर्यंत परत येऊन टेकते. डोळे अंगाच्या आधी उघडतात, हा एका फ्रेमचा फरक महत्त्वाचा. आधी दिसतं, मग शरीराला कळतं.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. जड पात्राला २९-३० च्या जागी चार फ्रेम लागतील, उंदराला एकही पुरेल. पण दबण्याला ताणण्यापेक्षा जास्त वेळ द्या, हे प्रमाण सहसा सोडू नका.

मोबाइलवर स्वतःचा संदर्भ चित्रित करणार असाल तर एक अडचण ठाऊक असू द्या: आपण घाबरायचा अभिनय करतो तेव्हा डोळे मिटायचे राहून जातात, कारण धक्का कधी बसणार हे आपल्याला माहीत असतं. मित्राला पाठीमागे उभं करा, त्याच्या मनाला येईल तेव्हा टाळी वाजवू द्या आणि स्लो मोशनमध्ये चित्रित करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. खांदे किती वर जातात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

अंग मागे, नजर पुढे

मागे जाताना डोकं सगळ्यात शेवटी जातं, कारण नजर अडकलेली आहे. कंबर आधी, मग छाती, मग मान ताणून डोकं. पाठीची रेषा धोक्यापासून दूर वळणारी, वजन मागच्या पायावर, पुढच्या पायाची टाच उचललेली नाहीतर फरपटत येणारी. एक हात धोका आणि छाती यांच्या मध्ये आडवा येतो, दुसरा मागे आधार शोधतो. दोन्ही हात सारखेच वर केलेत की ते शरणागती नाहीतर आनंद दाखवतात. माझ्या पहिल्या दोन पोझमध्ये नेमकं हेच झालं होतं.

पोझ तयार झाली की तिची काळी आकृती करून पाहा. कागदावर आतला भाग काळा भरा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सॉलिड दृश्यात प्रकाश फ्लॅट आणि रंग एकच, काळा. माया या सॉफ्टवेअरमध्ये सीनमध्ये एकही लाइट नसताना ७ चं बटण दाबलं की पात्र काळंच दिसतं. आता चेहरा गेला, भुवया गेल्या. त्या काळ्या आकृतीकडे बघून धोका डावीकडे आहे की उजवीकडे, हे दुसऱ्या कुणाला सांगता येतंय का? येत नसेल तर भुवयांवर कितीही मेहनत घ्या, लांबच्या शॉटमध्ये काही कळणार नाही. छातीवर चिकटलेला हात आकृतीत गडप होतो. कोपर बाहेर काढा, म्हणजे हात आणि धड यांच्यामधून उजेड दिसेल.

थांबणं आणि थरथरणं

उडी छान झाली, पण पात्र लगेच पळालं, तर पाहणारा मागे राहतो. आपली नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारायलाच सुमारे २०० मिलिसेकंद घेते, म्हणजे जवळपास पाच फ्रेम. प्रेक्षक पेटीकडे बघत असतो. तो चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तुमची सर्वात चांगली पोझ येऊन गेलेली असते. म्हणून थिजण्याला किमान १२ ते १६ फ्रेम द्या. या काळात श्वास आत घेतलेला आणि कोंडलेला. छाती फुगलेली, हलत नाही. कोंडलेला श्वास सुटतो तेव्हा तो लहान लहान तुकड्यांत सुटतो.

पण पूर्ण गोठवलेलं चित्र मेलेलं दिसतं, म्हणून थरथर लागते. इथे बहुतेक जण सगळ्या पात्राला एकसारखं हलवतात आणि ते पात्र व्हायब्रेटवर ठेवलेल्या फोनसारखं दिसतं. माणसाच्या हाताचा स्वाभाविक कंप सेकंदाला ८ ते १२ वेळा असतो. २४ च्या वेगात याचा अर्थ दर दोन ते तीन फ्रेमला एक फेरी. तेवढंच ठेवा, पण प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा थोडा कमीजास्त करा, आणि थरथर टोकांना द्या: बोटं, हनुवटी, केसांची बट. धड जवळपास स्थिर राहू द्या.

पेटीच्या शॉटमध्ये मला याचं उत्तर टॉर्चमध्ये सापडलं. हात इतका कमी हलत होता की तो दिसतही नव्हता. पण मनगट एक-दोन अंशांनी कापलं की समोरच्या भिंतीवर उजेडाचं वर्तुळ चांगलंच थरथरायचं. मुलगा थिजलेला आणि खोली कापतेय. पात्राच्या हातात कप असेल, किल्ल्या असतील, कागद असेल, तर थरथर त्याला देऊन बघा.

ब्लॉकिंगमध्ये बरं होतं, स्प्लाइनमध्ये मऊ पडलं

हे फार जणांचं होतं. ब्लॉकिंग म्हणजे संगणकावर आधी फक्त मुख्य पोझ बसवणं. तेव्हा स्टेप्डमध्ये, म्हणजे मधले फ्रेम न भरता, पोझ थेट बदलतात म्हणून धक्का जाणवतो. स्प्लाइन केलं, म्हणजे मधले फ्रेम संगणकाला भरू दिले, की तो दोन पोझमधलं अंतर त्या फ्रेममध्ये वाटून टाकतो आणि डोळे आठ फ्रेम घेत सावकाश उघडतात. झोपेतून उठल्यासारखं. उपाय एकच आहे: बदल ज्या फ्रेमला व्हायचा त्याच्या एक-दोन फ्रेम आधी जुन्या पोझची 'की' (त्या फ्रेमवर पोझची केलेली नोंद) पुन्हा ठेवा, आणि मधल्या जागेत हालचालीच्या आलेखाचा कर्व्ह उभाच राहू द्या. पापण्यांसाठी तर मधला फ्रेमही नको. मिटलेली, पुढच्या फ्रेमला सताड उघडी.

त्यानंतर सगळ्या की एकाच फ्रेमवर रांगेत उभ्या आहेत का ते पाहा. डोळे, डोकं, खांदे, बोटं एकाच वेळी पोचत असतील तर एकेक-दोन फ्रेमने सरकवा. डोळे आधी, बोटं शेवटी.

रिग साथ देत नसेल

भुवई फक्त वर-खाली जाते, एकमेकींकडे येतच नाही, अशा रिग (पात्र हलवायचे संगणकातले सांगाडे) भरपूर असतात. तेव्हा भुवयांची आतली टोकं जेवढी फिरतील तेवढी फिरवा आणि उरलेलं काम मान व खांद्यांवर सोपवा. पात्राला भुवयाच नसतील, डोळे नुसते दोन ठिपके असतील, तर चेहऱ्याच्या मागे लागूच नका. श्वास, वजन आणि मानेची लांबी एवढ्यावर भीती उभी राहते. एका साध्या उशीलाही मागे झुकवून, आक्रसून, कोपऱ्यात ढकलून घाबरवता येतं.

सगळं बरोबर, तरीही कळत नाही

तेव्हा शॉट सोडा आणि त्याच्या आधीचे दहा-बारा फ्रेम बघा. पाहणाऱ्याला कारण दिसलंय का? रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम हाच आहे: तोच निर्विकार चेहरा शेजारच्या चित्राप्रमाणे वेगळा वाचला जातो. कारणच दिसलं नाही तर उत्तम भीतीसुद्धा कोड्यासारखी वाटते.

माझ्याकडे शेवटची गाठ इथेच होती. झाकण कॅमेऱ्याच्या बाजूने उघडत होतं, त्यामुळे धडपड फक्त मुलाला दिसायची, आणि आवाज होता म्हणून मला स्वतःला ते खटकलं नव्हतं. मी झाकण उलट्या बाजूने उघडवलं. धडपडीच्या आधी आठ फ्रेम टॉर्चच्या उजेडात आत काहीतरी हललेली सावली दिसू दिली. मुलाचा चेहरा पेटीच्या कडेच्या इतका जवळ आणला की पाहणाऱ्याच्या नजरेला लांबची उडी मारावीच लागू नये. अंगातली एकही की बदलली नाही.

मग आवाज बंद करून तो शॉट एका मैत्रिणीला दाखवला, जिने आधीची एकही खेप पाहिली नव्हती. तिने मुलाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाली, "त्या पेटीत काय आहे?"